पीटीच्या तासाचा हिशेब

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात नववीचा निकाल हातात पडला की घरोघरी एक निर्णय फारशी चर्चा न होता घेतला जातो. बॅडमिंटनची पुढच्या तिमाहीची फी भरायची राहते, तरणतलावाचा पास संपतो तो संपतोच, संध्याकाळची कबड्डी सुटते. कारण विचारलं तर तीन शब्दांत उत्तर मिळतं: दहावीचं वर्ष आहे. शाळाही याला हातभार लावतात. जूनमध्ये वेळापत्रकावर दिसणारा पीटीचा तास दिवाळीनंतर पोर्शन पुरा करण्यासाठी गणिताच्या नाहीतर विज्ञानाच्या बाईंकडे जातो आणि प्रिलिम जवळ आली की त्याची कुणाला आठवणही राहत नाही.

यामागचा हिशेब सरळ वाटतो. दिवसाचे तास मोजके. मैदानावरचा एक तास वाचवला तर तो अभ्यासाला मिळेल, अभ्यासाला मिळाला की गुण वाढतील. यातली पहिली पायरी खरी आहे, दुसरी कधीमधी खरी ठरते आणि तिसरीला गेल्या सत्तर वर्षांतल्या संशोधनाचा आधार मिळत नाही.

पालक विचारतात, ‘खेळल्याने मार्क वाढतात का?’ याचं प्रामाणिक उत्तर ‘थोडे, काहींचे, काही विषयांत’ असं गुळमुळीत आहे. पण दहावीच्या उंबरठ्यावर घरात जो निर्णय होतो त्यातला खरा प्रश्न उलट्या दिशेचा असतो: खेळ बंद केल्याने मार्क वाढतात का? त्याचं उत्तर मात्र बरंच स्पष्ट आहे.

अभ्यासाचे तास कापून पाहिले तेव्हा

पॅरिसला लागून असलेल्या व्हांव या गावातल्या एका शाळेत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक धाडसी प्रयोग झाला. शाळेच्या एकूण वेळेतला सुमारे एक तृतीयांश वेळ शारीरिक शिक्षणाला देण्यात आला. अर्थात तेवढा पुस्तकी तासांतून कापला गेला. मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत. उलट तब्येत आणि वर्गातली वागणूक सुधारल्याच्या नोंदी झाल्या. त्या काळच्या मोजमापांना आजच्या कसोट्या लावता येत नाहीत, पण या प्रयोगाने पुढच्या संशोधकांना वाट दाखवली.

अधिक काटेकोर प्रयोग कॅनडाच्या क्युबेक प्रांतात त्रुआ-रिव्हिएर इथे १९७०च्या दशकात झाला. रॉय शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक प्राथमिक विद्यार्थ्यांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. प्रयोगातल्या वर्गांना रोज एक तास, म्हणजे आठवड्याला पाच तास प्रशिक्षित शिक्षकाकडून व्यायाम मिळाला. त्यासाठी पुस्तकी शिकवणीचा १३ ते १४ टक्के वेळ कमी केला होता. तुलनेसाठी त्याच शाळांमधल्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्या घेतल्या. पहिल्या वर्षी नेहमीच्या तुकड्या थोड्या पुढे होत्या. दुसरीपासून व्यायामाच्या तुकड्यांनी त्यांना गाठलं आणि नंतर त्या किंचित पुढेच राहिल्या. शिकवण्याचा वेळ सातव्या हिश्श्याने घटूनही निकाल घसरला नाही, ही या प्रयोगातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २०१६मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शारीरिक हालचाल वाढवल्याने अभ्यासाचं नुकसान होत असल्याचं त्यात दिसलं नाही. फायदा किती, यावर अभ्यासांमध्ये मतभेद आहेत. तोटा होत नाही, यावर ते बऱ्यापैकी एकमुखी आहेत.

पंधरा ते अठरा

वरचे प्रयोग लहान मुलांचे. दहावी-बारावीच्या वयाचं काय? त्यासाठी स्वीडनमधला एक प्रचंड अभ्यास उपयोगी पडतो. तिथे तरुणांना अठराव्या वर्षी लष्करी भरतीची चाचणी द्यावी लागे. सायकलसारख्या यंत्रावर हृदय-फुप्फुसांची क्षमता मोजली जाई, स्नायूंची ताकद तपासली जाई आणि बुद्धीच्या चाचण्याही होत. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या १२ लाखांहून अधिक तरुणांच्या या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध केले.

ज्यांचा दम चांगला, त्यांचे बुद्धिचाचणीतले गुणही चांगले होते. तर्क आणि भाषेची समज यांत हा संबंध ठळक होता. नुसत्या स्नायूंच्या ताकदीशी मात्र असा संबंध दिसला नाही. दंड फुगवणं आणि दम वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जिममध्ये आरशासमोर उभ्या राहणाऱ्या अकरावीतल्या मुलांनी हा फरक समजून घ्यायला हवा. पंधरा ते अठरा या वर्षांत ज्यांचा दम वाढला, त्यांची अठराव्या वर्षीची बौद्धिक कामगिरीही सरस होती.

‘सुखवस्तू घरातली मुलं खेळतातही आणि शिकतातही, त्यात खेळाचं काय?’ ही शंका इथे येणारच. तिच्यासाठी संशोधकांनी सख्ख्या भावांच्या आणि जुळ्यांच्या जोड्या वेगळ्या काढल्या. त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या १,४३२ जोड्या होत्या. घर तेच, आईवडील तेच, जनुकंही तीच. तरीही दम आणि बुद्धिचाचणी यांचा संबंध टिकला. तो आनुवंशिकतेपेक्षा ज्याच्या त्याच्या स्वतःच्या आयुष्यातल्या घटकांनी अधिक उलगडत होता.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात सुमारे पाच हजार मुलांच्या कमरेला अकराव्या वर्षी हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधलं आणि अकरा, तेरा व सोळाव्या वर्षीच्या परीक्षांचे निकाल पाहिले. अकराव्या वर्षी जी मुलं जास्त धावपळ करत होती त्यांचे इंग्रजी, गणित, विज्ञानातले गुण पुढे सोळाव्या वर्षीही चांगले होते. मुलींच्या बाबतीत विज्ञानात हा संबंध विशेष दिसला. मात्र तिथले मुलगेही रोज सरासरी २९ मिनिटं आणि मुली १८ मिनिटंच खऱ्या अर्थाने अंग हलवत होत्या.

मेंदूत काय घडतं

व्यायामाचे मेंदूवरचे परिणाम दोन प्रकारचे आहेत: लगेच दिसणारे आणि हळूहळू साठणारे.

भरभर चाललं किंवा धावलं की हृदयाचे ठोके वाढतात आणि नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन यांसारख्या रसायनांचं प्रमाण वाढून मेंदू सावध होतो. इलिनॉय विद्यापीठातले चार्ल्स हिलमन यांनी २००९मध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ट्रेडमिलवर वीस मिनिटं चालवलं आणि मग चाचण्या घेतल्या. नुसतं बसून राहिल्यानंतरच्या तुलनेत चालल्यानंतर मुलांनी लक्ष विचलित करणाऱ्या खुणा अधिक अचूकपणे टाळल्या, उतारा वाचून समजून घेण्यातही ती सरस ठरली. अभ्यास वीसच मुलांचा होता, पण अशा धर्तीचे निकाल नंतरही मिळत गेले.

दुसरा परिणाम संथ आहे. नियमित व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. चेतापेशींची वाढ आणि त्यांच्यातले जोड टिकवणं हे त्याचं काम. नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग व्यायामाला विशेष प्रतिसाद देतो. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त तयार होतात हे १९९९मध्येच दिसलं होतं. पुढे दमदार मुलांमध्ये हा भाग तुलनेने मोठा असल्याचं मेंदूच्या प्रतिमांमधून आढळलं.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१६मध्ये ७२ प्रौढांना चित्रांच्या जागा पाठ करायला दिल्या. एका गटाने लगेच व्यायाम केला, दुसऱ्याने चार तासांनी, तिसऱ्याने केलाच नाही. दोन दिवसांनी चार तासांनंतर व्यायाम करणाऱ्यांना सर्वांत जास्त आठवलं. एका प्रयोगावरून वेळापत्रक आखू नये. तरी दुपारी अभ्यास आणि संध्याकाळी मैदान ही जुनी पद्धत मेंदूलाही मानवणारी दिसते.

आणि झोप. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते. दिवसा अंगाला ऊन आणि श्रम मिळाले की रात्रीची झोप लवकर आणि गाढ लागण्याची शक्यता वाढते. दिवसभर वाचलेलं स्मरणात पक्कं बसतं ते झोपेतच. सकाळच्या सत्राच्या शाळेसाठी सहाच्या आधी उठणाऱ्या आणि रात्री बाराला दिवा मालवणाऱ्या मुलासाठी हा फायदा कदाचित सगळ्यांत मोठा.

अतिशयोक्तीला लगाम

अमेरिकेतल्या नेपरव्हिल या गावाची गोष्ट व्यायामाचे पुरस्कर्ते हटकून सांगतात. तिथल्या शाळांनी शारीरिक शिक्षणात दमाला महत्त्व दिलं, काही मुलांना पहिल्या तासाच्या आधी धावायला लावलं, आणि १९९९च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथले आठवीचे विद्यार्थी विज्ञानात जगात पहिले, गणितात सहावे आले. गोष्ट खरी आहे. फक्त नेपरव्हिल हे सुशिक्षित, संपन्न कुटुंबांचं गाव आहे. त्या यशातला धावण्याचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.

नॉर्वेचा प्रयोग अधिक कडक होता. त्यात ५७ शाळांतली दहा वर्षांची हजाराहून अधिक मुलं होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्या शाळांतल्या मुलांना जास्तीची हालचाल दिली. एकूण गटाच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र अंकगणितात सुरुवातीला सर्वांत मागे असलेली मुलं पुढे सरकली. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने उपलब्ध प्रयोग चाळले तेव्हाही गणितातल्या फायद्याचा पुरावा भक्कम ठरला, बाकीच्या बाबतीत निष्कर्ष अनिश्चित राहिला.

आपल्याकडे पीटीचा तास सगळ्यांत आधी कोणाचा काढून घेतला जातो? बहुतेक वेळा कच्च्या मुलांचा. त्यांना जादा तासाला बसवलं जातं. पुरावा सुचवतो ते नेमकं उलटं आहे: मैदानाची सर्वाधिक गरज शेवटच्या बाकावरच्या, गणितात अडखळणाऱ्या मुलालाच आहे.

औंधपासून डोंबिवलीपर्यंत

शाळेत व्यायामाची सक्ती ही आपल्याला परकी कल्पना नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. ते स्वतः रोज घालत आणि त्यावर त्यांनी लिहिलंही. सूर्यनमस्काराला ना मैदान लागतं ना साहित्य. सतरंजीएवढ्या जागेत ते घालता येतात आणि वेगाने घातले तर दम वाढवणारा व्यायाम होतो. योग की खेळ, हा वादही व्यर्थ आहे. हरिद्वारमध्ये ९८ शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला योग आणि दुसऱ्याला शारीरिक व्यायाम दिला गेला. काही कसोट्यांत एक गट सरस ठरला, काहींत दुसरा.

प्रश्न इच्छेचा तर आहेच, पण या शहरांत तो जागेचाही आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्रात १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख लोक होते. त्यानंतर घोडबंदर रोडवर आणि कल्याणच्या आसपास मनोऱ्यांवर मनोरे उभे राहिले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं आहे, पण जुन्या वस्तीतल्या बऱ्याच शाळांचं अंगण प्रार्थनेच्या रांगांनाच अपुरं पडतं. एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं चालली की एका सत्राची मुलं खेळू लागली तर दुसऱ्या सत्राच्या वर्गात आवाज जातो. म्हणून मैदान दोघांनाही बंद.

सार्वजनिक मैदानं आहेत. ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडागृह, सेंट्रल मैदान. कल्याणला सुभाष मैदान, वासुदेव बळवंत फडके मैदान. डोंबिवलीत भागशाळा मैदान आणि संत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल. पण आपल्याकडे मैदान म्हणजे महोत्सव, प्रदर्शन, सभा, मंडप यांची राखीव जागा. डोंबिवलीच्या क्रीडासंकुलात आगरी महोत्सव भरतो तो लोकांच्या जिव्हाळ्याचा सोहळा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मंडप उतरल्यावर खिळे, खड्डे आणि खडी उचलून मैदान मुलांच्या हवाली करण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं असायला हवं. त्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. वर्षाचा एक तृतीयांश काळ मैदान म्हणजे चिखल. पैसे मोजणाऱ्यांसाठी टर्फ आणि संकुलातलं क्लबहाउस आहे. दिवा, कळवा, कोपर इथल्या चाळीतल्या मुलासाठी ते नाही.

मुलींचा पेच आणखी वेगळा. सातवी-आठवीपर्यंत खो-खोत पुढे असणारी मुलगी नववीत कट्ट्यावर बसून मैत्रिणींच्या चपला सांभाळताना दिसते. कपडे बदलायला जागा नाही, स्वच्छ स्वच्छतागृह नाही, मैदानाभोवती बघे उभे, आणि घरी ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार भारतातली ११ ते १७ वयोगटातली, मुलगे-मुली मिळून, सुमारे ७४ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत. जगाची सरासरी ८१ टक्के होती, म्हणून आपण पाठ थोपटून घ्यायचं कारण नाही. दर चारांतली तीन मुलं बसून आहेत असाच त्याचा अर्थ.

खेळाडू आणि खेळणारा

आपण खेळाला किंमत देतो ती पदक आलं तर. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, तिथल्या एस. व्ही. जोशी हायस्कूलमध्ये शिकला, मॅटिंगच्या खेळपट्टीवर क्रिकेटचे पहिले धडे गिरवून भारताच्या कसोटी संघापर्यंत गेला. त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. ठाण्यात महापालिकेच्या सय्यद मोदी बॅडमिंटन प्रशिक्षण योजनेत श्रीकांत वाड यांच्या हाताखाली अनेक चांगले खेळाडू घडले. राज्य मंडळही ठरावीक स्पर्धांत ठरावीक पातळी गाठणाऱ्यांना दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण देतं.

या सगळ्यातून पालकांच्या मनात एक समीकरण बसतं: मूल राज्यपातळीवर जाणार असेल तर खेळाला वेळ द्यावा, नाहीतर सोडून द्यावं. पण वर पाहिलेल्या एकाही अभ्यासात मुलं जिंकली की हरली हे मोजलेलं नव्हतं. मोजली होती ती हालचाल, तिला दिलेला वेळ किंवा दम. संघात निवड न होणाऱ्या, चेंडू हातातून सुटणाऱ्या मुलाच्या मेंदूलाही तेवढाच लाभ मिळतो. खेळाडू घडवणारी व्यवस्था मोजक्यांसाठी असते. पीटीचा तास सगळ्यांसाठी असतो, म्हणून त्याचं मोल जास्त.

किती, कोणता, केव्हा

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची आहे. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस धाप लागेल असा व्यायाम हवा. हा तास सलग असायला हवा असं नाही. डोंबिवलीत शेअर रिक्षाऐवजी क्लासला भरभर चालत गेलं तर जाऊन-येऊन अर्धा तास सहज भरतो. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, इतका वेग असला की तो मोजणीत धरावा. सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला लिफ्टऐवजी जिना आहेच. पावसाळ्यात घरात दोरीवरच्या उड्या, वेगाने घातलेले सूर्यनमस्कार. शाळेच्या व्हरांड्यात जागेवर धावणं. रविवारी येऊरच्या वाटेवर किंवा उपवन तलावाभोवती फेरी. लंगडी हा तर आपला स्वतःचा, शून्य खर्चाचा आणि मिनिटाभरात दम काढणारा खेळ.

क्लासच्या तीन तासांच्या सलग बॅचमध्ये दर तासाला पाच मिनिटं उठून जिना उतरणं-चढणं ठेवलं तर क्लासचालकाचं काही जात नाही. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फुटबॉलचा सामना खेळून घोटा मुरगळून घ्यावा असं कोणी म्हणणार नाही. अर्धा तास चालणं मात्र त्या दिवशीही चालेल. स्पर्धात्मक खेळ सोडावा लागला तरी हालचाल सोडू नये, हा फरक घरात नीट बोलून ठरवता येतो. ‘एक तास खेळलास म्हणून मार्क गेले’ हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करायला हवं. वाचवलेला तास पुस्तकापेक्षा मोबाइलकडेच जास्त जातो, हे आईवडिलांनाही ठाऊक असतं.

घरापुरतं हे जमेल. शाळेत बदल हवा असेल तर पालकसभेत विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०१८मध्ये नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोज एक तास ठरवून दिला, राज्य मंडळाच्या वेळापत्रकातही या विषयाला जागा आहे. तेव्हा ‘पीटीचा तास आहे का?’ असं विचारू नका. ‘आहे’ असंच उत्तर मिळेल. गेल्या महिन्यात दहावीच्या तुकडीचे किती पीटीचे तास प्रत्यक्ष झाले आणि किती दुसऱ्या विषयाला गेले, एवढाच आकडा मागा. चाचणीच्या गुणांसोबत हाही आकडा दर महिन्याला फळ्यावर लागू लागला, तर तो तास उचलून नेण्याआधी कुणालाही कारण सांगावं लागेल.